आक्काचा गाठींचा दोर

आक्का, आज बाजारचा दिवस. धार काढून झाल्यावर मी विहिरीवर गेले, दोर सोडला, तळाला टेकल्यावर वर ओढला आणि मोजलं. एक गाठ पूर्ण भिजली होती आणि तिच्या वरही बराच दोर ओला होता. आर्द्रा लागून चार दिवस झाले. पाऊस परवा तलवाड्यापर्यंत येऊन माघारी गेला, आपल्या वाट्याला नुसती वावटळ आली. तरी विहिरीत पाणी आहे आणि मोसंबीची एकशे बारा झाडं उभी आहेत. काल मी एकेका झाडाला हात लावून मोजली. एकही गेलेलं नाही.

ही बातमी आधी तुम्हालाच सांगायची होती. तुम्ही नाही, हे आठ आठवडे झाले तरी अंगवळणी पडत नाही. विहिरीवरून घराकडे येताना मी अर्ध्या वाटेतूनच "आक्का, एक हाय!" म्हणून ओरडले. शेजारचे बापूराव बांधावर म्हैस चारत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि काही ऐकलंच नाही असं दाखवत म्हशीच्या पाठीवरची गोचीड शोधायला लागले. भला माणूस आहे.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. थोरले भावजी त्याआधीच गेलेले, तुमची मंदा तेव्हा पाटी-दप्तरातली, आणि शेताचा सगळा कारभार तुमच्या हातात. माझे मालक तुमचे धाकटे दीर, पण तुमच्यापुढे शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे. मला सगळ्यात आधी नवल वाटलं ते त्या दोराचं. अंबाडीचा दोर, टोकाला फुटक्या जात्याचा तुकडा, आणि अंतराअंतरावर गाठी. दर बाजारच्या दिवशी तुम्ही तो विहिरीत सोडायचा, वर ओढायचा, आमच्याकडे पाठ करून भिजलेल्या गाठी मोजायच्या आणि ओसरीवर येऊन आकडा सांगायचा. "गाठ म्हंजी एक हात," असं तुम्ही पहिल्याच दिवशी मला शिकवलंत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात.

दसऱ्याला जेवढ्या गाठी, तेवढंच पीक. अकरा निघाल्या तर थोडा गहू. नऊ निघाल्या तर ज्वारी आणि हरभरा, गव्हाचं नाव काढायचं नाही. सात निघाल्या त्या वर्षी तुम्ही भाजीचे वाफेसुद्धा मोडलेत आणि आम्ही चार महिने डाळीवर काढले. मी तुम्हाला पाण्याच्या तलाठीणबाई म्हणायचे, तेही तुमच्या तोंडावर. तुम्ही हसायचात, पण एक वाफा वाढवून द्यायचा नाहीत. आणि दोराला कुणी हात लावायचा नाही, हा तुमचा दंडक. "दुसऱ्याचा हात लागला की माप चुकतं." आम्हाला वाटायचं, जुन्या बाईची समजूत आहे, जाऊ द्या.

मोसंबी आपण दोघींनी लावली. खड्डे यांनी घेतले, पण पहिले दोन उन्हाळे पाणी घातलं ते आपण. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर. तुम्ही माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या, तरी तुमचा हंडा कधी हिंदकळला नाही. माझा रोज सांडायचा, आणि तुम्ही मागून, "संगे, वाटंला कशाला पाणी पाजायलीस?" म्हणायचात. ती हाक आता कोणी मारत नाही. मंदा मला काकू म्हणते, हे तर नावच घेत नाहीत.

मग तो भयंकर उन्हाळा आला. आपल्या शिवारातल्या बागा एकामागून एक उभ्या वाळल्या. लोकांनी जेसीबी लावून झाडं उपटली आणि लाकूड चुलीत घातलं. तेवढे दिवस गावावर ओल्या मोसंबीच्या लाकडाचा धूर होता, भाकरीला त्याचा वास यायचा. चार गाठी उरल्या तशा तुम्ही रोजची मोटार बंद करायला लावलीत आणि कोयता घेऊन बागेत शिरलात. फांद्या छाटल्यात. हिरवी फळं, लिंबाएवढी झालेली, तोडून खाली टाकलीत. मी मागे मागे फळं गोळा करत रडत होते. तुम्ही वळून एवढंच म्हणालात, "रडून घे. पर झाड जगलं तर फळ येतंय, फळ जगवून झाड येत न्हाई." आणि पुन्हा कोयता चालवायला लागलात.

सोयाबीनचं भुसकट प्रत्येक बुंध्याभोवती टाच बुडेल एवढं जाड पसरलं. भांडी रोज वेगळ्या झाडाखाली राखेनं घासायची, म्हणजे ते पाणी वाया जायचं नाही. दर आठ दिवसांनी ठिबकमधून घटकाभर पाणी, बस. त्या उन्हाळ्यात चार झाडं गेली. एकशे सोळाची एकशे बारा झाली. बाकीच्या शिवारात काळ्या खड्ड्यांशिवाय काही उरलं नव्हतं. तुम्ही मात्र त्या चार झाडांसाठी दोन दिवस नीट जेवला नाहीत.

आता आपल्या भांडणाकडे येते, कारण ते अर्धंच राहिलंय.

बोअर मारा, असं सहा वर्षं मी म्हणत होते. बापूरावांनी मारला तेव्हा पाण्याचा फवारा आंब्याच्या शेंड्यापर्यंत उडाला होता. मी तो डोळ्यांनी पाहिला आणि त्या दिवसापासून मला घरात चैन पडेना. तुमचं म्हणणं एकच, विहिरीशेजारी बोअर म्हणजे विहिरीच्या बुडाला भोक. वरचं पाणी खाली जाणार आणि खालचं कुणाचं, ते कुणालाच माहीत नाही. मी म्हणायचे, जग कुठं गेलं आणि आपण दोराच्या गाठी मोजत बसलोय. तुम्ही म्हणायचात, जग गेलंय तिकडं पानी हाय का, ते आधी इचारून ये.

यंदा पाडव्यानंतर गाठी भराभर उतरायला लागल्या तेव्हा मी पुन्हा विषय काढला. चुलीपुढेच आपली जुंपली. मी नको ते बोलले. "तुमचा जीव त्या दोरात अडकलाय. तुमी गेल्यावर पयलं काम, तो दोर मी चुलीत घालनार." हे मी तुम्हाला म्हणाले, आक्का. कोण म्हणतं असं? तुम्ही भाकरी उलटलीत, तव्यावर दाबलीत आणि शांतपणे म्हणालात, "घाल. पर घालायच्या आधी दोर नीट बगून घे."

मला वाटलं, टोमणा आहे. मी चार दिवस बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. चौथ्या दिवशी बाजार होता. तुम्ही विहीर मोजलीत, आणि आपला अबोला असल्यामुळे आकडा मला न सांगता गोठ्यात जाऊन गायीला सांगितलात, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. "चार हाय गं कपिले. चारच." मला हसू फुटलं होतं. मी पदर तोंडात कोंबला आणि भांड्याला बसले. तेव्हाच हसले असते तर अबोला मोडला असता. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. त्या दुपारी तुम्ही ओसरीवर आडव्या झालात, त्या उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं.

तुमच्या दहाव्या-तेराव्याची कामं सुरू होती आणि इकडे झाडांची पानं दुपारी मुरडायला लागली होती. यांनी तलवाड्याच्या मोटारवाल्याला बोलावलं. त्यानं विहिरीचा घेर पाहिला, चार हात पाणी धरून हिशेब केला आणि म्हणाला, "महिनाभर. लई झालं तर पाच आठवडे. मृग सरंपर्यंत काय बाग टिकत न्हाई." मग घरात एकमतानं ठरलं, बोअर. एकमत म्हणजे मी आणि हे. नको म्हणणारं माणूस फोटोत गेलेलं. बोअरच्या गाडीला तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाचा शब्द दिला. मला हवं होतं तेच होत होतं, तरी बरं वाटत नव्हतं.

तेराव्याला चौसाळ्याहून मंदाच्या सासरची माणसं धरली होती त्यापेक्षा जास्त आली. शिरा करताना साखर संपली. मी दुकानात पाठवणार तेवढ्यात मंदानं मटकीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून साखरेची पुरचुंडी काढली. चांगली दोन-अडीच किलोची. बावीस वर्षं त्या स्वयंपाकघरात मी उभी आहे. मंदा म्हणाली, "काकू, आईचं असंच व्हतं. आई संपलं म्हनायची तवा संपलेलं नसायचंच."

पाहुणे गेल्यावर दिवस कलायला आला होता. मी दोर खुंटीवरून काढला. जाळायचा नव्हता, आक्का, शपथ. पेटीत तुमच्या लुगड्यांबरोबर ठेवायचा होता, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम संपणार होतं. पण तुमचं ते बोलणं आठवलं. नीट बघून घे. ओसरीवर दोर पसरला आणि पहिल्यांदाच त्याला हात लावला. सहज म्हणून कोपर एका गाठीवर ठेवलं आणि बोटं पुढे ताणली. दुसरी गाठ बोटांच्या पुढेच राहिली. चांगली वीतभर पुढे.

मला वाटलं, एखादी गाठ सरकली असेल. पुढची मोजली. हात आणि वर वीत. तिच्या पुढची मोजली. हात आणि वीत. शेवटच्या गाठीपर्यंत एकसारखं, कुठे बोटभर फरक नाही. तुमचा हात माझ्याहून लहान, तुमच्या बांगड्या माझ्या मनगटात चढत नाहीत. म्हणजे ती चूक नव्हती. दर गाठीमागे तुम्ही एक वीत पाणी आमच्यापासून लपवत होतात. दोन वितींचा एक हात, म्हणजे आम्हाला चार हात सांगितलेत तेव्हा विहिरीत सहा हात होतं. त्या भयंकर उन्हाळ्यातही चार म्हणून मोटार बंद केलीत तेव्हा सहा होतं. बावीस वर्षं, मटकीच्या डब्यातल्या साखरेसारखं.

मी ओसरीवर एकटीच मोठ्यानं हसले. तेरावं झालेल्या घरात. मंदा धावत आली, तिला वाटलं काकूला झटका आला. तिला काय सांगणार? म्हटलं, तुझ्या आईची आठवण आली. तेवढं खोटं नव्हतं.

पण गाडी सकाळी येणारच होती. ह्यांना सांगावं, तर सहा हात आहे म्हटल्यावर हे दुसऱ्याच दिवशी गुरांच्या चाऱ्याच्या कडवळाला पाणी सोडतील, हे मला पक्कं माहीत. बावीस वर्षांचा संसार आहे. सांगू नये, तर गाडी कशी परत पाठवायची? सकाळी गाडी आली, विहिरीपासून दहा पावलांवर उभी राहिली. गाडीवाल्यानं नारळ मागितला. ह्यांनी नारळ हातात घेतला आणि मला वाट सापडली.

"वरीस व्हायच्या आत?" मी पुढे झाले. "घरात मयत झालेलं, तेराव्याची पत्रावळ अजून उकिरड्यावर हाय, आन तुमी नव्या कामाला नारळ फोडायलाव?"

हे नारळ तसाच धरून माझ्याकडे वळले. "आगं, तूच सहा वर्षं डोकं खाल्लंस ना? बोअर मारा, बोअर मारा! आता कावून न्हाई म्हनायलीस?"

"तवा आक्का होत्या," मी म्हणाले. "वर्षश्राद्ध होईस्तवर हितं नारळ फुटनार न्हाई. फोडायचा तर माझ्या कपाळावर फोडा."

ह्यांनी काहीही केलं असतं, पण गाडीवालाच घाबरला. "मालक, दुखवट्याच्या घरी मशीन खाली अडकतंय," म्हणत त्यानं गाडी वळवली. माझ्या बाजूनं तो बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुम्ही असता तर त्याला चहा पाजला असतात. मी पाजला.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. झाडं वाळली असती तर सारं घर म्हणालं असतं की संगीतानं सोवळ्यापायी बाग मारली, आणि खरं कारण मला सांगता आलं नसतं. कारण सांगून तरी काय, माप तुमचं आणि जबाबदारी माझी. मी तुमचं सगळं पुन्हा केलं. भुसकट पसरलं, फांद्या छाटल्या, भांडी झाडाखाली नेली. ठिबक निम्म्यावर आणली. ह्यांनी दोनदा कडवळाला पाणी मागितलं, मी दोनदा नाही म्हणाले. दर बाजारच्या दिवशी आकडा सांगितला. साडेतीन. तीन. अडीच. तुमच्यासारखी पाठ करून मोजायला शिकले.

महिन्यानंतर बापूराव आले. पहिला बोअर आटला म्हणून त्यांनी दुसरा मारला होता, त्यातून नुसता फुफाटा उडाला. दारात उभे राहून पायाकडे बघत म्हणाले, "वहिनी, म्हशीपुरतं..." हे माझ्याकडे बघायला लागले. मला तुमचा जुना शब्द आठवला, जनावराच्या तोंडचं पाणी मोजायचं नसतं. मी म्हटलं, दोन टिपाडं भरून न्या, उद्याही या. रोज येतात. त्या लपवलेल्या विती आता बापूरावांच्या म्हशीही पितात.

पाच आठवडे झाले, विहीर आटली नाही. मृग कोरडा गेला, विहीर आटली नाही. मागच्या आठवड्यात तो मोटारवाला मोटारसायकलवरून मुद्दाम बघायला आला. काठावरून वाकून बराच वेळ आत बघत राहिला. "काकू, नवा झरा लागलाय का काय?"

"लागला असंल," मी म्हणाले. त्याचा चेहरा बघायला तुम्ही हव्या होतात. मला इतका आनंद झाला की मी त्याला आग्रह करकरून जेवायला घातलं. आपण जिंकलो, आक्का. सगळ्या शिवारात हिरवं म्हणायला एवढीच बाग आहे, रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघतात. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहते आणि त्यांना बघू देते.

एक गोष्ट मात्र लागून राहिली. माझ्यापासून का लपवलंत? ह्यांच्यापासून, ठीक. लोकांपासून, ठीक. पण मी तुमच्या पानात जेवले, तुमच्या पाठीला पाठ लावून झोपले, माझ्या बाळंतपणात तुम्ही माझं अंग शेकलंत. मला सांगता आलं नसतं? चार रात्री मी याच रागात काढल्या. मग तो काकडीचा उन्हाळा आठवला. मी हट्ट करून काकडीच्या दोन ओळी लावल्या होत्या आणि तुम्ही बाजारला गेलात की गुपचूप पाण्याचा कॉक उघडायचे. तुम्हाला ते कळलं होतं, तुम्ही कधी बोलला नाहीत. मला सहा हात माहीत असतं तर दोनाच्या दहा ओळी झाल्या असत्या. मी स्वतःला ओळखते. तुम्ही मला माझ्याआधी ओळखलं होतंत. आणि अखेरीला सांगितलंतच की, भाकरी उलटता उलटता. ऐकायला मला तेरा दिवस जास्त लागले.

बोअरवर माझं म्हणणं अजून पुरतं मोडलेलं नाही, हे लिहून ठेवते. आपलं भांडण वर्षश्राद्धानंतर पुढे चालू. पण दोराबद्दल जे बोलले त्याची माफी मागते. तोंडावर मागायची राहिली.

तुमचा दोर जागोजागी कुजायला आलाय. आज सकाळचं मोजून झाल्यावर तो मी पेटीत ठेवला, लुगड्यांच्या मध्ये. मंदानं लुगडी मागितली, दोन दिली, दोर नाही दिला. आज दुपारी ओसरीवर बसून नवा वळला. जात्याचा तुकडा तोच बांधला. गाठी मारायला घेतल्या तेव्हा हे तंबाखू मळत शेजारी येऊन बसले.

"गाठ हाताची हाय ना?"

"हाताचीच," मी म्हणाले आणि हात मोजून वर वीत सोडून गाठ आवळली. मग वाटलं, पुढचे उन्हाळे आणखी कडक असतील. पुढच्या गाठींना वितीवर दोन बोटं वाढवली. ह्यांनी हात पुढे करून दोराचं टोक उचललं, बघू बघू म्हणत.

"खाली ठेवा," मी म्हणाले. "दुसऱ्याचा हात लागला की माप चुकतं."